जादूचा प्रयोग पहिल्यांदाच बघायला जाताय? मग एवढी तयारी करा

नाटकाला कसं जायचं हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. प्लॅन कधी उघडतो, तिसऱ्या घंटेआधी खुर्चीत असायचं, मध्यंतरात वड्यासाठी कुठल्या बाजूने पळायचं, हे घरच्यांबरोबर जाता जाता आपोआप कळतं. जादूच्या प्रयोगाचं तसं होत नाही. बहुतेकांनी जादू पाहिलेली असते ती शाळेच्या गॅदरिंगला, सोसायटीच्या गणपतीत किंवा कुणाच्या तरी वाढदिवसाला. मग "जादू म्हणजे पोराटोरांचं काहीतरी" असं मत पक्कं होतं आणि नाट्यगृहात अडीच तासांचा पूर्ण प्रयोग लागला तरी पाय तिकडे वळत नाहीत. ते वळावेत आणि पहिलीच संध्याकाळ चांगली जावी, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. जादूगार हातांनी जे करतो त्यातलं निम्मं काम प्रेक्षकाच्या डोक्यात पूर्ण होतं. त्यामुळे तुम्ही कुठे बसता, कधी पोहोचता, कुठे बघता, स्टेजवर बोलावल्यावर कसे वागता, याने या प्रयोगात जेवढा फरक पडतो तेवढा नाटकात किंवा गाण्याच्या मैफलीतही पडत नाही.

पहिलं काम : कुठल्या प्रकारची जादू बघायची ते ठरवा

पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठा स्टेज शो निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्या, करवत, हवेत तरंगणारी मुलगी, झगमगते कपडे, मोठा ताफा, मोठं संगीत. आपल्याकडे या थाटाला आकार दिला तो बंगालच्या पी. सी. सरकार (१९१३–१९७१) यांनी. राजासारखा फेटा-शेरवानी आणि 'इंद्रजाल' हे नाव घेऊन ते जगभर फिरले आणि १९७१ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असतानाच गेले. नंतरच्या अनेक भारतीय जादूगारांच्या फेट्यात आणि पोस्टरमध्ये आजही त्यांची सावली दिसते.

मराठीतून जादू बघायची तर रघुवीर घराण्याचं नाव पहिल्यांदा येतं. पुण्याचे जादूगार रघुवीर म्हणजे रघुवीर भोपळे, त्यांचे चिरंजीव विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर, अशा तीन पिढ्या. भाषेचा मुद्दा साधा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. जादूगाराचं बोलणं हे त्याचं अर्धं हत्यार असतं. कोपरखळी आपल्या भाषेत आली की आपण मनापासून हसतो, आणि हसताना माणूस सावध राहत नाही.

शिवाय उत्तरेकडून येणारे मोठे ताफे असतात. कानपूरचे ओ. पी. शर्मा हे त्यातलं गाजलेलं नाव. असे ताफे एखाद्या शहरात हॉल घेऊन कित्येक दिवस मुक्काम ठोकतात आणि रिक्षावर भोंगा लावून जाहिरात करतात. निवेदन हिंदीत असतं, प्रयोग भरगच्च असतो, मुलं खूश होतात.

दुसरा प्रकार मेंटॅलिझमचा, म्हणजे मनातलं ओळखण्याचा. यात सामान जवळपास नसतं. एक वही, एक पाकीट, एक माइक. हा मोठ्यांसाठी उत्तम आणि दहा वर्षांखालच्या मुलांसाठी कंटाळवाणा. तिसरा प्रकार क्लोजअपचा : छोटी खोली, मोजके प्रेक्षक, हातभर अंतरावर पत्ते आणि नाणी. हा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बघा. स्टेजची जादू पाहून झाली की जवळच्या जादूची किंमत जास्त कळते.

आणि तिकीट नसलेला चौथा प्रकार, रस्त्यावरचा. डुगडुगी वाजवणारा मदारी, त्याचा जंबुरा, तीन वाट्या आणि गोळ्या, टोपलीतला मुलगा. चारही बाजूंनी माणसं उभी, पडदा नाही, लाइट नाही, आणि तरी तो फसवतो. हातचलाखीची यापेक्षा अवघड परीक्षा मला माहीत नाही. कुठे दिसला तर थांबा, शेवटपर्यंत बघा आणि चादरीवर सढळ हाताने पैसे टाका.

प्राण्यांबद्दल थोडं. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना करमणुकीच्या खेळात वापरायला देशात बंदी आहे. इतर प्राणी वापरायचे तर नोंदणी लागते. कबूतर-ससा याविषयी कुणाला प्रश्न पडत असेल तर तिकीट काढतानाच विचारावं. बरेच जादूगार आता प्राण्यांशिवायच प्रयोग करतात.

तिकीट आणि खुर्ची

तिकीट ऑनलाइन मिळतं, पण जमलं तर नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन काढा. प्लॅन समोर असतो आणि खिडकीवरच्या माणसाला आपल्या हॉलची खोड माहीत असते : कुठल्या रांगेपासून उतार सुरू होतो, कुठल्या खुर्चीसमोर खांब येतो. लहान मुलांना किती वर्षांपासून तिकीट लागतं तेही तिथेच विचारून घ्या, कारण हा नियम जागोजागी वेगळा असतो.

नाटकाला आपण पहिली रांग मिळाली की खूश होतो. जादूला पहिली रांग घेऊ नका. स्टेज उंच असतं, मान वर करून बसावं लागतं आणि टेबलावर काय ठेवलंय ते दिसतच नाही. चौथ्या ते दहाव्या रांगेतल्या मधल्या खुर्च्या सर्वांत चांगल्या. हातातला रुमालही दिसतो आणि पूर्ण स्टेजही नजरेत मावतं. जादूगार आपली प्रत्येक हालचाल समोरच्या मधल्या प्रेक्षकाला धरून बसवतो. अगदी कडेच्या खुर्चीवरून विंगेतली लगबग दिसते आणि उगाच रसभंग होतो. बाल्कनी स्वस्त असते आणि मोठ्या पेट्यांचे प्रयोग तिथून छान दिसतात, पण पत्ते-नाणी चालू असताना तिथला प्रेक्षक नुसता आवाज ऐकत बसतो.

स्टेजवर जायची हौस असेल तर पुढच्या निम्म्या भागात, मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची घ्या. जादूगाराचे सहायक खाली उतरून माणूस निवडतात तेव्हा पटकन उठता येईल अशालाच निवडतात. जायचं नसेल तर रांगेच्या मधोमध बसा, तिथपर्यंत सहसा कुणी येत नाही.

कुणाला न्यायचं आणि मुलांना आधी काय सांगायचं

पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल नेलं तर चालतं, पण त्याला जादू 'कळत' नाही. वस्तू गायब झाली याचं आश्चर्य वाटायला ती गायब होऊ शकत नाही हे आधी पक्कं माहीत असावं लागतं. सात ते बारा हे खरं वय. त्या मुलांना नियम माहीत झालेले असतात आणि नियम मोडलेला बघायची हौसही असते.

काळोख, मोठा आवाज, धूर आणि करवत या चार गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवा. करवतीच्या खेळाने मोठी माणसंसुद्धा घाबरलेली आहेत. बाईला पेटीत ठेवून मधोमध कापायचा हा खेळ पी. टी. सेल्बिट या इंग्रज जादूगाराने १७ जानेवारी १९२१ रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये लोकांसमोर केला आणि तो जगभर पसरला. पी. सी. सरकारांनी ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात तोच खेळ पेटीशिवाय, फिरत्या विजेच्या करवतीने करून दाखवला. करवत फिरली, टेबलावरची मुलगी हाकेला ओ देईना, सूत्रसंचालक पुढे आला आणि कार्यक्रम तिथेच संपला. टीव्हीवर खून पाहिला असं समजून लोकांनी बीबीसीत फोनचा भडिमार केला. मुलगी अर्थातच सुखरूप होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सरकार झळकले आणि लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरातल्या त्यांच्या प्रयोगांची चर्चा शहरभर झाली. हा किस्सा मुलांना घरून निघतानाच सांगा. "ती मुलगी ठीक होती, आजचीही ठीक असणार" एवढं कळलं की मूल हात घट्ट धरेल, पण डोळे मिटणार नाही.

"बाबा, हे खरं असतं का?" हा प्रश्न येतोच. सरळ उत्तर द्या : खरं नाही, ही कला आहे, यासाठी त्याने कित्येक वर्षं सराव केलाय. महाराष्ट्रात तर हे स्वच्छ सांगायला हवंच. इथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं काम झालं आहे, इथेच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव बुवाबाजीतले 'चमत्कार' करून दाखवतात आणि त्यामागचं गुपित फोडून सांगतात, कारण तिथे कुणाला तरी घाबरवून लुबाडलेलं असतं. रंगमंचावरचा जादूगार गुपित सांगत नाही, कारण तिथे सगळे तिकीट काढून, राजीखुशीने फसायला आलेले असतात. दोघांचीही बाजू रास्त आहे आणि दहा वर्षांच्या मुलाला हा फरक नीट समजतो. पण एखादा माणूस स्टेजवरून स्वतःला सिद्ध पुरुष म्हणवू लागला, ताईत-अंगठ्या विकू लागला किंवा आजार बरे करायला निघाला, तर मात्र मुलांना घेऊन सरळ बाहेर पडा.

वेळेवर पोहोचा

प्रयोगाआधी निदान अर्धा तास. पार्किंग, पाणी, मुलांचं बाथरूम, सगळं आत शिरण्याआधी उरका. जादूत सुरुवातीची काही मिनिटं बिनबोलाची आणि वेगवान असतात : संगीताच्या तालावर रिकाम्या हातातून रुमाल, फुलं, छत्र्या. ती चुकली की पुन्हा मिळत नाहीत. उशिरा येणारा पुढून वाकून गेला की मागच्या दोन रांगांचा एकेक खेळ बुडतो. खाणं आत नेऊ नका. चिप्सच्या पुडीचा आवाज मनातलं ओळखण्याच्या खेळात पार पुढपर्यंत जातो.

बघायचं कसं

नवा प्रेक्षक आल्या आल्या जादूगाराच्या हातांवर डोळे रोखून बसतो. "आज पकडतोच." जादूगाराला असा प्रेक्षक सोपा जातो, कारण तो कुठे बघणार हे आधीच ठरलेलं असतं.

पहिल्या अंकात पकडापकडी बाजूला ठेवा. जादूगार बघेल तिकडे बघा, तो हसवेल तेव्हा हसा. गोष्ट ऐकतो तसा खेळ बघा.

'वॉटर ऑफ इंडिया' हा खेळ असेल तर तो मन लावून बघा. सरकारांनी तो जगभर गाजवला आणि आपल्याकडचे अनेक जादूगार आजही करतात. स्टेजच्या कडेला एक तांब्या असतो. जादूगार सुरुवातीलाच तो बादलीत उपडा करतो, शेवटचा थेंब झटकतो, तांब्या जागेवर ठेवतो. मग दुसरा खेळ. तो संपला की सहज तिकडे जाऊन पुन्हा तांब्या उपडा करतो आणि पुन्हा पाण्याची धार. "वॉटर ऑफ इंडिया!" लोक हसतात. पुन्हा दुसरा खेळ, पुन्हा तांब्या. पहिल्या दोन वेळा सगळं सभागृह तांब्याकडे बघत असतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत ते विसरलेलं असतं, आणि त्याच वेळी तो हात तांब्याकडे जातो. एका साध्या तांब्यावर तो आपलं लक्ष कसं आणतो, कसं सोडतो, पुन्हा कसं आणतो, हे एकदा जाणवलं की पुढचा सगळा प्रयोग वेगळा दिसू लागतो.

मध्यंतरानंतर एकच खेळ निवडा आणि तेवढ्यापुरतं जादूगार बघतोय त्याच्या विरुद्ध बाजूला बघा. युक्ती सापडणार नाही. सहायक दिसतील. पेटीत अंग चोरून बसणारी, तालावर एकाच क्षणी बाहेर येणारी, चेहऱ्यावरचं हसू न ढळू देणारी मुलगी दिसेल. मोठ्या खेळांत अंगमेहनत तिची असते आणि पोस्टरवर नाव मात्र जादूगाराचं. तिच्या वाट्याची टाळी तिला मिळायला हवी, असं मला नेहमी वाटतं.

स्टेजवर बोलावलं तर

नको असेल तर हात जोडून हसून नाही म्हणा, कुणालाही राग येत नाही. पाठ दुखत असेल, गरोदर असाल, हृदयाचं काही असेल तर मोकळेपणाने सांगा. संमोहनाच्या खेळातही तुम्हाला नको वाटेल ते करायची सक्ती नसते.

गेलात तर मात्र नीट जा. पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढायला सांगितला, समजा बदाम सत्ती निघाली, तर ती दोन वेळा मनात म्हणा : बदाम सत्ती, बदाम सत्ती. हसू नका, खरी गंमत इथेच बिघडते. समोर सहाशे माणसं, डोळ्यांवर प्रखर लाइट, जादूगार वर बायकोचं नाव विचारतोय, आणि दोन मिनिटांनी "तुमचा पत्ता कुठला?" म्हटल्यावर माणूस गोंधळतो. सर्वांत जास्त घोळ इस्पिक आणि किलवरचा होतो, कारण दोन्ही काळे. पत्ता जादूगाराला न दाखवता प्रेक्षकांना दाखवा, छातीशी धरून नव्हे, हात वर करून, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. तो दुमडू नका. सही करायला सांगितली तर मार्करने मोठी, अर्धा पत्ता व्यापेल अशी करा. मागच्या रांगेतल्या आजोबांनाही ती दिसली पाहिजे.

माइक पुढे आला की तोंड माइकजवळ नेऊन बोला. नाव विचारलं तर नाव सांगा, पदवी आणि कंपनी नको.

नोट मागितली तर फार चुरगळलेली नको आणि फाटकी तर नकोच. तिचा नंबर मोठ्याने वाचायला सांगतात, तो एकेक आकडा सावकाश वाचा. अंगठी मागितली आणि ती जिवापाड जपलेली असेल तर देऊ नका. ती परत मिळते, पण मधल्या पाच मिनिटांत तुमच्या चेहऱ्यावरची काळजी सगळ्या सभागृहाला दिसते आणि लोक जादू सोडून तुम्हाला बघत बसतात.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. काही जण मुद्दाम चुकीचा पत्ता सांगतात. निघालेली असते बदाम सत्ती, आणि म्हणतात चौकट राणी. त्यांना वाटतं जादूगाराला हरवलं. त्या एका खोट्याने सहाशे लोकांच्या खेळाचा शेवट वाया जातो. त्यांनीही तिकीट काढलेलं असतं.

टाळ्या, फोन आणि "मला माहितीये!"

थक्क झालो की आपण गप्प बसतो. तोंड उघडं, हात मांडीवर. प्रेक्षकाला वाटतं आपला चेहरा बोलतोय. पण स्टेजवरच्या लाइटमुळे जादूगाराला पहिल्या दोन-तीन रांगांपलीकडचे चेहरे दिसतच नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त आवाज. संगीताचा ठोका पडला, तो क्षणभर थांबला, दोन्ही हात पसरले, की टाळी वाजवा. सभागृह थंड वाटलं तर तो खेळ आवरता घेतो, रंगलं तर एखादा जास्तीचा खेळ पदरात पडतो.

फोन बंद, नुसता सायलेंट नव्हे. अंधारात फोनचा पडदा उजळला की आसपासच्या वीस माणसांची नजर तिकडे जाते. फ्लॅश तर अजिबात नको : समोर आग, सुरी किंवा करवत हातात असलेला माणूस आहे, त्याचे डोळे दिपले तर खरी दुखापत होऊ शकते. शूटिंगची परवानगी शेवटच्या पाच मिनिटांसाठी बरेचदा ते स्वतःच देतात, तेव्हा हवं तेवढं करा.

युक्ती कळली असं वाटलं तरी मोठ्याने बोलू नका. मुलं "बाहीत आहे, बाहीत आहे!" ओरडली तर त्यांना रागावू नका, मुरलेला जादूगार ते ओरडणं खेळात घेतो. मोठ्या माणसांनी मात्र तोंड बंद ठेवावं.

प्रयोग संपल्यावर

घाई नसेल तर थांबा, भेटून या. "कसं केलंत हो?" हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकलेला असतो. त्याऐवजी विचारा : हा खेळ बसवायला किती वेळ लागला, गुरू कोण, सामान ट्रकमध्ये कसं भरता, पहिला प्रयोग कुठल्या गावात केला. यावर ते भरभरून बोलतात आणि मुलांनाही ते ऐकायला मिळतं. सहायकांनाही आवर्जून भेटा.

घरी जाताना रिक्षात एक गंमत करा. प्रत्येकाने एकच खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. एक म्हणेल पेटी चारही बाजूंनी उघडी होती, दुसरा शपथेवर सांगेल की मागून बंद होती. पत्ता कुणी पिसला यावर हमखास भांडण होतं. त्याच रात्री यूट्यूबवर गुपित शोधायला बसू नका. तिथे मिळणारं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी पद्धतीचं असतं आणि आपण पाहिलेला खेळ त्यात विनाकारण मरतो.

मूल फारच भारावलं असेल तर महागडी मॅजिक किट लगेच घेऊ नका. पत्त्यांचा एक चांगला कॅट, एक नाणं, हातभर सुती दोरी आणि आरसा एवढ्यावर वर्षभराचं काम होतं. एकच खेळ, रोज पंधरा मिनिटं, आरशासमोर. तो आरशालाही फसवू लागला की मग घरच्यांसमोर करू द्या, आणि त्याआधी जादूगारांचे तीन जुने नियम त्याच्याकडून पाठ करून घ्या : पुढे काय होणार ते आधी सांगायचं नाही, तोच खेळ त्याच माणसांना लगेच पुन्हा दाखवायचा नाही आणि गुपित फोडायचं नाही. दुसरा नियम पाळणं सर्वांत कठीण जातं, कारण खेळ जमला की घरचेच "पुन्हा कर, पुन्हा कर" म्हणून मागे लागतात. तेव्हा आपणच पहिले गप्प बसायचं.